डोमाभाऊचा समुद्र

कोणाची तारीफ करायची म्हटलं की माझी जीभ जड होते. मी जन्मात कोणाच्या भाजीला चांगलं म्हटलं नाही, असं घरचे म्हणतात, आणि ते खरं आहे. पण एका माणसाबद्दल मला चार शब्द बोलायचे आहेत, आणि आता वय असं झालं आहे की आणखी थांबण्यात अर्थ नाही. त्याचं नाव डोमा मडावी. सिरोंच्याच्या वरच्या अंगाला, प्राणहितेच्या काठी वीस-पंचवीस घरांचं एक गोंड गाव आहे, तिथला हा माणूस. लाकडाचे तराफे नदीतून खाली तेलंगी मुलखात नेणं हे त्याचं काम. १९५४ साली त्याच्या तराफ्यावर मी मुन्शी म्हणून गेलो होतो. त्याच्याशी मी चांगला वागलो नाही, हेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला माझ्याबद्दल गैरसमज नको.

तेव्हा आपला चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. आलापल्लीच्या जंगलातला साग बैलगाड्यांनी नदीवर यायचा. पावसाळा ओसरून पाणी जरा निवळलं की घाटावर तराफे बांधायला सुरुवात व्हायची. साग एकटा नीट तरंगत नाही, म्हणून ओंडक्यांच्या दोन्ही बाजूंना बांबूचे भारे लावायचे, आणि सगळं माहुलीच्या वेलीच्या सालीने आवळायचं. वर मातीची चूल, एका कोपऱ्यात पळसाच्या पानांचं छप्पर, आणि दोन टोकांना लांब बांबू घेतलेली माणसं. प्राणहिता गोदावरीला मिळते, गोदावरी डोंगरांच्या घळीतून राजमहेंद्रीला जाते. अठरा-वीस दिवसांचा हा प्रवास. आजकाल लोक असल्या जलप्रवासाला हौसेने जातात म्हणे. मला ठेकेदाराने पाठवलं होतं, आणि मला पोहता येत नव्हतं.

माझं काम सोपं होतं. प्रत्येक ओंडक्यावर जंगल खात्याच्या हातोडीची छाप असते, ती शाबूत राहील हे पाहायचं आणि खाली पोचल्यावर ओंडके मोजून द्यायचे. मी चांद्याचा, मॅट्रिक पास, पायांत बूट. तिसऱ्या दिवशी एक बूट नदीत गेला. मागचा बांबू धरणारा पोचू इतका हसला की त्याचा तोलच गेला. तो सिरोंच्याचा, तेलुगू उत्तम बोलणारा, आणि उभ्या उभ्या झोपू शकणारा गडी. डोमा मात्र हसला नाही. त्याने दुसराही बूट माझ्या हातातून घेतला, छपराखाली ठेवला आणि म्हणाला, "आता अनवाणी ऱ्हा मुन्शीजी. पायाले लाकूड समजते."

तो पन्नाशीचा असावा. मोठा पूर आला त्या साली आपण चालायला लागलो होतो, एवढंच त्याला आपल्या वयाबद्दल ठाऊक होतं. अंगावर मांस नावाला नाही, पण दोन्ही हातांच्या शिरा मनगटापासून खांद्यापर्यंत उठलेल्या. पाण्यावर फेस कुठे जमतो, कुठे फाटतो, यावरून तो खालचा खडक सांगायचा. "इथी उजवीकडं," तो म्हणायचा, आणि आम्ही उजवीकडे जायचो, आणि डावीकडून मोठा काळा दगड शांतपणे निघून जायचा. एकोणीस वर्षांत त्याच्या तराफ्यातला एकही ओंडका हरवला नव्हता. घाटावर हे मला चार जणांनी सांगितलं, आणि मी ते चौघांचंही खोटं धरलं.

म्होरक्याने तराफा सोडायचा नाही, असा ठेकेदाराचा नियम होता. डोमा तो जितक्या कसोशीने पाळायचा तितक्या कसोशीने मी कधी देवाचा नियमही पाळला नाही. वाटेत बाजाराचं गाव लागलं की आम्ही मीठ-मिरची आणायला काठावर पळायचो, तो तराफ्यावर बसून राहायचा. हातचा तराफा दिल्याशिवाय त्याचे पाय जमिनीला लागत नसत. आणि त्याला कारण होतं. घाटावर ठेकेदाराची माणसं बाकीच्या सगळ्यांना "ए" म्हणून हाक मारत. नावाने हाक मारली जाई ती एकट्या डोमाला. बरोबर कोण येणार, कोणाच्या घरी त्या वर्षी काम जाणार, हे तो ठरवायचा. त्याच्या गावाला जंगलाबाहेर ओळखणारा कोणी असेल तर तो याच्या नावाने ओळखायचा. म्होरकेपण गेलं असतं तर डोमा मडावी त्या घाटावरच्या शंभर माणसांतला एक झाला असता.

रोज संध्याकाळी चुलीवर भात चढवला की तो मला एकच गोष्ट विचारायचा.

"मुन्शीजी, तुमी शिकलेले. हे नदी पुढं कुठी जाते?"

"समुद्रात जाते."

"तुमी पाह्यला?"

"नाही."

"मंग तुमाले कसं माईत?"

"पुस्तकात आहे!" मी चिडून म्हणायचो. तो "हां" म्हणायचा. त्या "हां"चा मला फार राग यायचा, कारण त्यात थट्टा नव्हती. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल माणूस इतक्या जोरात कसा बोलू शकतो, याचं त्याला खरंच नवल वाटायचं. राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरम् आहे, तिथे नदीवर मोठा बंधारा आहे. तिथे तराफा सोपवायचा आणि परत फिरायचं, असं त्याचं दरसालचं काम. "एकोणीस डाव नदीसंग आलो," तो एकदा म्हणाला, "एकोणीस डाव थे पुढं गेली अन् मी मागं."

त्या वर्षी मात्र वेगळं घडलं. निवडक चाळीस ओंडके जहाजावर चढायचे होते, म्हणून ते धवळेश्वरम्हून कालव्याने काकिनाडा बंदराला पोचवायचा हुकूम आला. बाकीची माणसं घरी परतली. चाळीस ओंडक्यांचा एक लहान तराफा करून डोमा, पोचू आणि मी कालव्यात शिरलो. काठावरून दोराने ओढत तीन दिवस. कालव्याला जागोजागी मोठे दरवाजे असतात. पाणी वरखाली करून ते होड्यांना सोडतात. पहिला दरवाजा पाहून डोमा इतका खूश झाला की तो बंद होईपर्यंत हलेना. "पाण्याले दार!" असं तो दिवसभर अधूनमधून आपल्याशीच म्हणत होता.

चौथ्या दिवशी सकाळी शेवटच्या दरवाजातून आम्ही खाडीत आलो. पाणी काठोकाठ भरलेलं होतं. काठावर दोन ताडाची झाडं होती. डोमाने पुढचा दोर एकाला आणि मागचा दुसऱ्याला बांधला. तो बांधताना पाहणं हे एक कामच होतं. दोर ताणायचा, झाडाला पाय लावून आणखी ताणायचा, मग दोरावर उभं राहून पाहायचं. वाहत्या नदीत दोर सैल राहिला तर तराफा झोके घेतो आणि दगडावर जातो. म्हणून दोर जितका ताठ तितका तराफा सुरक्षित, हे त्याला बापाने शिकवलेलं. तराफा काठाला असा चिकटला की मध्ये बोट जाईना.

पोचू बंदरावरच्या एजंटाकडे जाऊन आला. जहाज एक दिवस उशिरा लागणार होतं, एजंट दुसऱ्या दिवशी सकाळी ओंडके मोजून घेणार होता. म्हणजे अख्खा दिवस मोकळा.

"डोमा, चाल, गाव पाहून येऊ," मी म्हणालो. तेव्हा मी त्याला नुसतं डोमा म्हणत असे. माझ्यापेक्षा दुपटीने मोठा माणूस, पण मी मुन्शी होतो ना.

"मी नाई येत. तुमी जा."

मला तेलुगूचं अक्षर येत नव्हतं. एकट्याने परक्या गावात जायची माझी छाती नव्हती, आणि ते कबूल करायचीही नव्हती. म्हणून मी त्याच्या वर्मावर बोट ठेवलं. "समुद्र इथून दोन मैलांवर आहे. इतक्या वर्षांनी दाराशी आलास आणि आता बांबू राखत बसणार? रोज मला विचारतोस ना कुठी जाते, कुठी जाते? चाल, दाखवतो."

त्याने तराफ्याकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं. मग पोचूला म्हणाला, "झोपशीन नाई ना?"

"आईची आन, भाऊ! डोळा लावणार नाई."

डोमाने पुन्हा एकदा दोन्ही दोरांवर उभं राहून पाहिलं. मग तोंड धुतलं, गाठोड्यातलं धुवट धोतर नेसला, डोक्याला नवा पंचा बांधला. मला वाटलं होतं मी त्याला नेतो आहे. शंभर पावलांतच उलटं झालं. पहिल्याच चौकात मी एका दुकानदाराला हिंदीत रस्ता विचारला, तो माझ्याकडे बघत राहिला. डोमा बाजारातलं मोडकं तेलुगू बोलायचा, आणि जिथे अडेल तिथे बिनधास्त गोंडी शब्द टाकायचा. त्यातले कितीतरी त्या लोकांना आपोआप कळत, कारण दोन्ही भाषा एकाच गोतातल्या. चार म्हणायला त्याचं 'नालुंग' आणि त्यांचं 'नालुगु'. लोक हसून उत्तर देत. मी मॅट्रिक पास माणूस मुक्यासारखा त्याच्या मागून चाललो होतो.

काय काय पाहिलं त्या दिवशी! भाताच्या गिरण्या पाहिल्या, त्यांची धुरांडी मोजली. रंगीत गोपुराचं देऊळ पाहिलं. सिनेमाच्या पाटीवरची बाई पाहून डोमा म्हणाला, "एवढ्या मोठ्या बाईले रांधून कोण घालते?" मी खाजा घेतला. तिथला खाजा आतून पाकाने भरलेला असतो हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच घासाला पाक डोमाच्या कोपरापर्यंत ओघळला. त्याने भर रस्त्यात थांबून हात कोपरापासून बोटांपर्यंत चाटून साफ केला. मला त्याच्याबरोबर चालायची लाज वाटली, आणि पुढच्या वळणावर कोणी बघत नाही असं पाहून मीही तेच केलं.

पण तो खरा पाहत होता ते लाकूड. व्यापाऱ्यांच्या घरांच्या चौकटी, गाड्यांची चाकं, होड्यांच्या फळ्या, सगळ्यांवर तो बोटाच्या पेराने टकटक करी, कान लावी. "हा ओल्या मातीतला. घाईनं वाढला," असं म्हणून पुढे जाई. धक्क्याजवळ एक म्हातारा सुतार नाव बांधत होता. डोमाने खाली पडलेली ढलपी उचलली, हुंगली, आणि त्याचं तोंड फुललं. "हा आपल्याकडचा!" सुताराने मान डोलावली. लाकूड गोदावरीच्या वरून आलेलं होतं. मग ते दोघे उकिडवे बसले आणि सागाबद्दल बोलू लागले. कोणत्या महिन्यात तोडावा, साल काढून किती दिवस उभा ठेवावा, गाभा काळा असला तर काय. एकाला गोंडी-मराठी, दुसऱ्याला तेलुगू, आणि अर्धा तास काही अडलं नाही. मी उन्हात उभा राहून धुसफुसत होतो. आज वाटतं, मीही उकिडवा बसलो असतो तर दोन गोष्टी शिकलो असतो.

मग आम्ही कोळ्यांची घरं ओलांडली, एक वाळूचा उंचवटा चढलो, आणि समोर समुद्र होता.

डोमा थांबला. मीही पहिल्यांदाच पाहत होतो, पण पाच मिनिटांत माझं पाहून झालं. खूप पाणी आहे आणि भूक लागली आहे, असं माझ्या मनात आलं. तो तसाच उभा होता. मग त्याने डोक्याचा पंचा सोडून हातात घेतला, आपल्याकडे मोठ्या माणसासमोर घेतात तसा. पाण्यापर्यंत गेला, ओंजळ भरून तोंडात घातली आणि थू करून थुंकला.

"एवढी गोड नदी इथी येते, अन् हे असं?"

"खारट असतो समुद्र," मी म्हणालो. "पुस्तकात..." आणि का कोण जाणे, वाक्य पुरं केलं नाही.

उरलेला खाजा त्याने कमरेच्या फडक्यातून काढला, पाण्यात ठेवला. "मी काई आणलं नाई तुह्यासाठी. येणार हाय हेच माईत नव्हतं. हे घे." लाटेने तो परत त्याच्या पायाशी आणून टाकला. त्याने पुन्हा दिला. पुन्हा परत. तिसऱ्या वेळी खाजा गेला तो गेलाच, आणि डोमा समाधानाने माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो ते पुसतही नव्हता. मला त्या माणसाचा हेवा वाटला. इतकी वर्षं एखाद्या गोष्टीची वाट पाहावी आणि ती समोर आल्यावर असं रडू यावं, असं माझ्या आयुष्यात काही नव्हतं.

"हिचा त्या अंगचा काठ कुठी?"

"फार दूर आहे. इथून दिसत नाही."

"हां," तो म्हणाला, आणि या वेळी मला राग आला नाही.

आम्ही वाळूत बसलो. दूरवर दोन जहाजं उभी होती. लहान पडाव त्यांच्याकडे माल नेत होते. मला डुलकी लागली. किती वेळ गेला कळलं नाही, पण जागा झालो तेव्हा डोमा खाली वाकून वाळूत काही करत होता. त्याने एक काडी रोवली होती, तिच्यापुढे दुसरी, तिच्यापुढे तिसरी.

"मुन्शीजी, हे पाणी मागं सरून राह्यलं."

"लाटा आहेत त्या. येतात, जातात."

"लाटा नाई. पाह्यलं मी. पह्यली काडी रोवली तं पाणी तिले लागत होतं. आता तिसरीलेबी लागत नाई. पुरं पाणीच खाली चाललं." तो बोलता बोलता थांबला. मग हळूच म्हणाला, "आपण जिथी बांधलं थे बी हेच पाणी ना? खाडीत?"

मी उठून बसलो.

"हे खाली गेलं तं थे बी गेलं असन." त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "माहा बांध ताणून हाय, मुन्शीजी. उठा!"

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. भरती-ओहोटी म्हणजे काय, हे मी मॅट्रिकच्या परीक्षेत लिहिलं होतं. आकृती काढली होती. पाचपैकी चार गुण पडले होते. काठोकाठ भरलेली खाडी, ताठ दोर, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर सकाळी घडलं आणि माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. ज्या माणसाने ते नाव कधी ऐकलं नव्हतं, त्याने तीन काड्या रोवून दोन तासांत शोधून काढलं.

आम्ही पळालो. म्हणजे तो पळाला, मी मागे धापा टाकत होतो.

खाडीतलं पाणी कंबरभर खाली गेलं होतं. तराफ्याची काठाकडची बाजू मागच्या दोराने वर ओढून धरलेली, बाहेरची बाजू खाली चिखलात. तराफा असा तिरपा लटकलेला. पुढचा दोर तुटला होता. माहुलीचे बंध एकेक करून फाटत होते, आणि सुटलेले ओंडके चिखलावरून घसरून मधल्या प्रवाहात जात होते. प्रवाह समुद्राकडे चालला होता. पोचू डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखून काठावर नाचत होता. तो अर्थातच झोपला होता, आणि तराफा तिरपा झाल्यावर गडगडत चिखलात पडून जागा झाला होता.

"भाऊ, पाणी कोनं चोरलं! पाणीच नाई राह्यलं!" तो ओरडत होता.

डोमा थेट दोरांकडे गेला. आधी त्याने मागच्या दोराखाली जाड बांबू घातला, पोचूला आणि मला त्यावर अंग टाकायला लावलं, आणि आम्ही दोर उचलून धरला तसा त्याने एकेक वेढा सैल केला. तराफा हळूहळू खाली चिखलावर टेकला. बंध फाटायचे थांबले. मग त्याने खाडीच्या काठाकाठाने धाव घेतली, वाहत चाललेल्या ओंडक्यांच्या पुढे गेला आणि छातीएवढ्या पाण्यात उडी घेतली. अकरा ओंडके सुटले होते. एक कोळी आपली होडी घेऊन मदतीला आला. डोमा ओंडक्याला खांदा लावून तो काठाकडे वळवायचा, होडी त्याला धरायची, पोचू ओढायचा. मी काठावरून दोर फेकत होतो, तोही दर वेळी चुकीच्या जागी. नऊ ओंडके परत आणले. दोन मोठ्या पाण्यात निघून गेले.

डोमाच्या छातीवर शिंपल्यांनी ओरखडे उठले होते. तो चिखलातच बसला आणि त्याने कोळ्याला विचारलं, हे पाणी परत येतं का? कोळी हसला. सांजेला येतं, रोज येतं. किती वर येतं? कोळ्याने काठाच्या खुंटावरची हिरवी शेवाळाची रेघ दाखवली. डोमाने ती रेघ आपल्या हाताने वीतवीत मोजली, आणि नवा दोर बांधताना बरोबर तेवढी ढील सोडली. ताठ दोरावर जन्म काढलेला माणूस, एका दुपारीत त्याने बापाची शिकवण बाजूला ठेवली. मी पुस्तकं वाचून आजवर एकही मत बदललेलं नाही.

दिवस मावळायच्या आधी पाणी वर आलं. तराफा चिखलातून अलगद उठला आणि सैल दोरावर शांत डोलू लागला. त्या पाण्याबरोबर एक ओंडका परत आला, आपल्या पायांनी आल्यासारखा सरळ तराफ्याशी. पोचूने उड्या मारल्या. दुसरा आला नाही. अंधार पडेपर्यंत डोमा खाडीच्या तोंडाकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एजंट आला. हिंदी बोलणारा, टापटीप, वेळेचा पक्का माणूस. त्याने प्रत्येकावरची छाप पाहत ओंडके मोजले. एकोणचाळीस. पुन्हा मोजले. मग त्याने आमच्या तिघांकडे पाहून विचारलं, तराफा कोणी सोडला होता?

पोचूने मान खाली घातली. बोलायला हवं होतं ते मी. 'साहेब, हा येत नव्हता, मी टोचून नेला,' एवढं एक वाक्य. मुन्शीचं वाक्य होतं, त्याला वजन होतं. पण माझं लग्न होऊन तीन महिने झाले होते, नोकरी नवी होती, आणि मी भित्रा होतो. मी गप्प बसलो.

"बांधलं मी होतं," डोमा म्हणाला. "सोडून बी मीच गेलो. मले समुद्र पाहाचा होता."

एजंटाने ठेकेदाराला चिठ्ठी लिहिली आणि ती पोचवायला माझ्याच हातात दिली. रेल्वेत, मग बैलगाडीत, मग पायी, असे सात दिवस ती चिठ्ठी माझ्या खिशात होती. वाटेत तीन नद्या लागल्या, एकीतही मी ती टाकली नाही. डोमा सगळ्या वाटेभर समुद्राबद्दल बोलत होता. गावच्या लोकांना कसं सांगायचं, त्याची त्याला चिंता पडली होती.

पुढच्या हंगामात म्होरक्या झाला पोचू. डोमा मागच्या बांबूवर उभा राहिला. घाटावर ठेकेदाराच्या नव्या माणसाने त्याला "ए म्हाताऱ्या" म्हणून हाक मारली, आणि तो ओ देऊन गेला. पोचूबद्दल एवढं सांगायला हवं की प्रत्येक वळणाआधी तो मागे वळून डोमाकडे पाहायचा आणि डोमा मानेनेच उजवं-डावं सांगायचा. त्या साली एकही ओंडका हरवला नाही. नाव पोचूचं झालं. मला ते घाटावर उभं राहून बघवेना. दोन हंगामांनी मी ती नोकरी सोडून चांद्याला शाळेत कारकून झालो.

१९५८च्या उन्हाळ्यात मी मुद्दाम त्याच्या गावी गेलो. चार वर्षं ते एक वाक्य माझ्या घशात अडकलं होतं. तो अंगणात बांबूच्या कामट्या सोलत बसला होता. मला पाहून उठला, हात धरून खाटेवर बसवलं, बायकोला, मंगलीबाईला, चहा टाकायला सांगितलं. इकडचं तिकडचं बोलायचा मला धीर नव्हता.

"डोमाभाऊ," मी म्हणालो, "त्या दिवशी एजंटासमोर मी बोलायला पाहिजे होतं. तुम्ही येत नव्हते. मी तुम्हाला ओढून नेलं. तुमचं म्होरकेपण माझ्यामुळे गेलं, आणि मी तोंड उघडलं नाही."

त्याला आधी माझं बोलणं कळलंच नाही. मग कळलं, आणि तो हातातली कामटी खाली ठेवून माझ्याकडे असा पाहू लागला की जणू मलाच काही लागलं आहे.

"चार वर्सं हेच घेऊन बसले होते तुमी? काऊन? मी खरंच तं सांगतलं त्याले. मलेच पाहाचा होता." मग तो आत वाकून बायकोला म्हणाला, "मंगले, पाह्य, हेच थे मुन्शीजी." आणि पुन्हा माझ्याकडे वळला. "एकोणीस वर्सं तराफे नेले, मुन्शीजी. शेट झाले, सायेब झाले, मुन्शी झाले. 'डोमा, चाल, पाहून येऊ' म्हणणारे तुमी एकलेच. सांगाचं होतं तुमाले, पण तुमी घाटावर येनंच सोडलं."

मंगलीबाईने चहा आणून माझ्यापुढे ठेवला आणि वाकून मला नमस्कार केला. मी तो चहा बराच वेळ हातात धरून बसलो, माझ्याने तो पिववला नाही.